लाल खडूची निवडणूक

मु. धामणखुटी, वरवट बकालच्या पुढं,
२५ जून १९६३

चि. रुख्मिणी हिला सिंधूआत्याचा जयभीम, आणि पाठीवर एक धपाटा. (हा हलका आहे. जोराचा पुढं पत्रात येईल.)

तुझं पत्र पोचलं. वाचताना आधी वाटलं, कुणी दवाखान्यात खाटेवर पडून लिहिलंय. वर्षभर बसलेला घसा सुट्टीतही उघडला नाही, डोकं उठलं, झोप उडाली, जेवण जात नाही; आणि हे सगळं कुणामुळं, तर दुसरीच्या वर्गातल्या साठ पोरांमुळं! दादाला आणि वहिनीला यातलं काही कळवलं नाहीस हे बरं केलंस. वहिनी लिंबू उतरवायला थेट लोणारला आली असती. (धर्म बदलला, देव्हारा गेला, पण वहिनीचं लिंबू काही सुटलं नाही.) माझी तब्येत विचारलीस. उजवा गुडघा कुरकुरतो, पण तो आमच्या मुख्याध्यापक पुंजाजी गुरुजींसारखा आहे. कुरकुरतो भरपूर, काम अडवत नाही. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही बोकड. बाकी खुशाल.

आता तुझा घसा. ज्येष्ठमधाची काडी तोंडात धर, सकाळी कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या कर, आणि मुख्य म्हणजे ओरडणं बंद कर. ओरडणाऱ्या बाईची पोरांना आठवड्यात सवय होते. मग त्या आवाजात ती गोट्या खेळतात, भांडतात, झोपतातसुद्धा. खामगावच्या कापसाच्या जिनांजवळ राहणाऱ्या माणसांना भोंगा ऐकू येईनासा होतो तसं. तू उलट कर. आवाज इतका खाली आण की पहिल्या रांगेलाही कान टवकारावे लागतील. बाई गुपित सांगतेय असं वाटलं की शेवटच्या रांगेतलं पोरगं पुढच्याला 'चूप बे' म्हणतं, आणि तुझं काम फुकटात होतं. तसंच 'समजलं का?' असं वर्गाला कधीच विचारू नये. साठ पोरं एका सुरात 'हो' म्हणतात आणि त्यातल्या निम्म्यांनी प्रश्नही ऐकलेला नसतो. फळ्यावर लिहिताना वर्गाकडं पाठ करू नये, तिरकं उभं राहून लिहायला शीक. अक्षर वाकडं येईल, वर्ग सरळ राहील. आणि ते 'बाई, बाहेर जाऊ का' प्रकरण, ज्यात एकाला सोडलं की मागोमाग सगळी वरात निघते, त्याच्यावर माझा उपाय असा: उंबऱ्यावर एक दगड ठेवायचा. जाताना दगड घेऊन जायचं, येताना परत ठेवायचा. दगड जागेवर नसेल तर दुसऱ्यानं विचारायचंच नाही. (दगड लहान नको, खिशात जातो. फार मोठाही नको. मी पहिल्या वर्षी मोठा ठेवला होता, तो एका पोरानं दुसऱ्याच्या अंगठ्यावर ठेवला.)

असो. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडं येते, जी तू इतकी बारीक लिहिलीस की मला चष्मा पुसावा लागला. सुट्टी संपायच्या आधीच लोणारला परत जाऊन एकटी बसलीस, खोली खायला उठते, शाळा उघडायच्या आत राजीनामा द्यावा असं वाटतं. का, तर गावातली मोठी माणसं खिडकीतून वर्गात डोकावतात, पोरं त्यांच्याकडं बघून हसतात आणि तुझं कुणी ऐकत नाही. रुखमे, तू ट्रेनिंगला पहिल्या वर्गात आलीस ना? मग तुला कुणी सांगितलं नाही का, की खेड्यातल्या शाळेच्या खिडक्या हवेसाठी नसतात, गावासाठी असतात? मी तुला उपदेश करणार नाही. (वर केला तो उपदेश नव्हता, औषध होतं.) त्यापेक्षा यंदा उन्हाळ्याच्या तोंडी माझ्या वर्गात निवडणूक झाली, तिची हकिगत सांगते. ती वाच आणि मग ठरव, तुझ्या खिडकीत किती माणसं उभी राहतात ते.

आमची शाळा तुला माहीत आहे. एकच खोली, तीत तीन वर्ग आणि पुंजाजी गुरुजी. माझी चौथी त्या खोलीत मावत नाही म्हणून किसनरावांच्या कापसाच्या कोठीत बसते. किसनराव म्हणजे गावातले एक मोठे शेतकरी, आणि उकंडराव म्हणजे दुसरे. दोघं चुलतभाऊ. जनपद सभा जाऊन नवी जिल्हा परिषद आली, तेव्हा दोघंही तिला उभे राहिले आणि दोघंही पडले. तिसऱ्याच गावचा माणूस आला. तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं, मी पडलो तो दुसऱ्यामुळं. (आणि दोघांचंही बरोबर आहे.) त्यांचे दोन कुलदीपक माझ्या चौथीत. किसनरावांचा भगवान आणि उकंडरावांचा शेषराव. दोघांना अजून नीट शेंबूड पुसता येत नाही, पण गाव दोघांना 'राव' लावतं, म्हणून तेही वर्गात मांडी घालत नाहीत, बैठक घालतात.

तर नागरिकशास्त्रात 'ग्रामपंचायत' हा धडा आला. धडा मी दोनदा शिकवला. पोरांनी 'सरपंच म्हणजे काय' याचं उत्तर 'जो जीपमध्ये पुढं बसतो तो' असं दिलं. मला ट्रेनिंगमधलं आठवलं, कृतीतून शिक्षण! म्हटलं, आपण वर्गाचा सरपंच निवडू. (ही माझी चूक. कृतीतून शिक्षण करताना कृती कुठपर्यंत जाऊ द्यायची, हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही.) उभं कोण राहणार विचारलं, तर भगवानराव उठले. ते उठले म्हणून शेषराव उठले. मी नावं फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात पोरींच्या बाजूनं आवाज आला, "बाई, पोरी राहू शकतेत काय उभ्या?"

ती जनका. आपल्याच बौद्ध वस्तीतल्या सहदेवची मोठी मुलगी. काडीसारखी बारीक, आवाज मात्र वडाच्या फांदीएवढा जाड. मी म्हटलं, पुस्तकात तर राहू शकतात असंच लिहिलंय. "मंग लिवा माहं नाव," ती म्हणाली आणि खाली बसली, जणू हजेरी दिली. वर्ग हसला. भगवानराव तर इतके हसले की त्यांना उचकी लागली.

निशाण्या ठरल्या. भगवाननं वाघ घेतला, शेषरावानं मोटार. जनकाला विचारलं, तर तिनं खराटा मागितला. का, तर तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे आणि तिला काढता येतो. मग मी तिघांना म्हटलं, निवडून आल्यावर काय कराल ते सांगा. भगवान म्हणाला, रोज सुट्टी. शेषराव म्हणाला, रोज सुट्टी आणि शिवाय रविवारी पण. जनका उठून म्हणाली, "मी निवडून आली तं माठाजवळ रांग लावीन. सगळ्यायले सारखं पानी. पहिले येईन तो पहिले पेईन."

हसणारी पोरं माठाकडं बघायला लागली. रुखमे, तुला आमच्या कोठीतला माठ मी सांगायला नको. पाणी पिताना आधी ठरावीक घरची पोरं, ती माठातून स्वतः घेणार. मग बाकीची. आपल्या वस्तीतली शेवटी, त्यांना कुणीतरी वरून ओंजळीत ओतणार. तोवर मधली सुट्टी संपलेली. मी आले तेव्हापासून हे बघते. बोलले, दोनदा गुरुजींकडं गेले, ते म्हणाले बाई, हळूहळू. आणि ही मुलगी उठून असं सांगते की जसं काही माठ हलवून सावलीत ठेवायचाय. मीच जरा घाबरले. शिकवणारीनं घाबरू नये, पण घाबरले.

पुढं काय झालं, तर गावाला बातमी लागली. किसनरावांनी वर्गात गूळ-शेंगदाणे पाठवले. दुपारी उकंडरावांची वरवटच्या बाजारातली जिलबी आली. पोरांनी दोन्ही खाल्लं आणि दोघांचाही जयजयकार केला, त्यामुळं कुणाच्या बाजूनं कोण हे कुणालाच कळेना. (तुझ्या वर्गात हजेरी कमी असेल तर सांगून ठेवते: निवडणूक घे. वर्षभर ढोरांमागं असलेली पोरं अंघोळ करून दारात उभी. एकाला तर मी 'तू कोण' विचारलं, तर म्हणाला, "बाई, तुमच्याच वर्गात हाव म्या, आषाढापासून." हजेरीत खरंच होता.) कोठीच्या दोन्ही खिडक्यांत माणसं. उजवीकडं किसनरावांची, डावीकडं उकंडरावांची. मी पाढे घेतले की खिडक्या कंटाळायच्या आणि भाषणं घेतली की 'वा वा' करायच्या. तुझ्याकडं खिडकीत किती असतात म्हणालीस? तीन? बरं.

मग एका संध्याकाळी, शाळा सुटून मी कोठीला कुलूप लावत होते तेव्हा सहदेव आला. टोपी हातात. हा किसनरावांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर त्यांच्याच शेतात राबतो, अक्षयतृतीयेला साल संपतं आणि पुढचं ठेवायचं की नाही हे मालकाच्या मनावर.

"बाई," म्हणाला, "आमच्या पोरीचं नाव काढून टाका."

मी विचारलं, काऊन? कुणी काही बोललं का?

"कोनी बोललं नाही, त्याचंच तं भेव हाय. मालकानं काहीबाही म्हटलं असतं तं समजलं असतं. आता नुसते पाहून राह्यले माह्याकडं. त्यायच्या पोरासमोर माही पोरगी उभी! साल मोडलं तं म्या खाऊ काय, अन् तिले शिकवू काय?"

इतकी वर्षं शिकवते, पण माझ्या एका धड्यामुळं कुणाची भाकर जाईल असं कधी वाटलं नव्हतं. म्हटलं, उद्या नाव काढते. दुसऱ्या दिवशी जनकाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, बाई गं, बापाला भीती वाटते, आपण नाव मागं घेऊ. ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं मी साधी बेरीज चुकले.

"बाई, मी काही निवडून येत नाही. हारनाऱ्यावर कोन रागावते?"

आणि बरोबर होतं तिचं. तीन डोकी, त्यात दोघांचे बाप जिलबीवाले, ही हरणारच. हरलेल्या पोरीमुळं कुणी साल मोडत नाही. उलट नाव काढलं तर गावभर होईल की बाईनं घाबरून काढलं. मी सहदेवला निरोप पाठवला, काळजी नको, पोरगी खात्रीनं पडते. (आपल्या विद्यार्थिनीच्या पराभवाची मी दिलेली ही पहिलीच हमी.)

मतदानाचा दिवस. तीन मडकी ठेवली, खडूनं निशाण्या काढल्या, पुढं माझं जुनं लुगडं आडवं बांधलं. प्रत्येकाला एक चिंचोका दिला आणि सांगितलं, ज्याला मत द्यायचं त्याच्या मडक्यात टाका. सगळं शांततेत झालं. इतक्या शांततेत की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मतं मोजायला मडकं उलटं केलं, तर वाघाच्या मडक्यातून चिंचोक्यांचा ढीगच पडला, वर्गाच्या पाचपट! मोटारीतून त्याहून मोठा. मला वाटलं चिंच फुटली. मग कळलं, दोन्ही पक्षांनी घरून चड्डीचे खिसे भरून चिंचोके आणले होते. दोन-तीन तर भाजलेले होते. (ते मोजताना पुंजाजी गुरुजींनी खाल्ले.) खराट्याच्या मडक्यात मोजकेच, तेही मी दिलेलेच.

फेरमतदान जाहीर केलं. आता चिंचोके नकोत, हरभरे नकोत, खडे नकोत. घरून आणता येणार नाही असं काहीतरी हवं. तेव्हा मला माझ्या पेटीतली लाल खडूची डबी आठवली. खामगावहून आणलेली, नव्या महाराष्ट्राची हद्द नकाशावर काढण्यापुरतीच मी ती उघडते. गावात दुसरीकडं लाल खडू नाही. मी एकेका खडूचे तुकडे केले, जीव तुटत होता, पण लोकशाहीसाठी केले. प्रत्येकाला एक तुकडा. पोरं तुकड्याकडं अशी बघत होती जसं हातावर पेढा ठेवलाय. एकेक जण लुगड्यामागं गेला, जरा जास्तच वेळ थांबला आणि बाहेर आला. यावेळी खिशात काही आणलेलं नाही हे मी आधी तपासलं होतं. बाहेर येताना खिसे तपासायचं मात्र मला सुचलं नाही.

मडकी उलटी केली. वाघाच्या मडक्यात चार तुकडे. मोटारीत तीन. खराट्याच्या मडक्यात अकरा! आणि अर्ध्याहून जास्त वर्गाची मतं कुठंच नाहीत. मी मडक्यात हात घालून पाहिला, लुगडं झटकलं, जमीन पाहिली. खिडक्यांतली माणसंही वाकून बघायला लागली. शेवटी नियम तो नियम. मी जाहीर केलं, जनका सहदेव, चौथीची सरपंच. पोरींनी टाळ्या वाजवल्या. भगवानरावांना पुन्हा उचकी लागली, यावेळी रडण्याची. आणि मला समोर सहदेवची टोपी दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी कोठीवर पोचले तर किसनराव आणि उकंडराव दोघंही दारात. जिल्हा परिषदेनंतर पहिल्यांदाच एका जागी उभे, पण तोंडं दोन दिशांना.

"बाई, हे इलेक्शन खोटं हाय," किसनराव म्हणाले. "आधा वर्ग आमच्या पोराच्या मांगं, अन् मतं निंगाली चार?"

"त्यायचं राहू द्या," उकंडराव. "आमचा शेषराव काऊन पडला ते सांगा. तीन किलो जिलबी खाल्ली पोट्ट्यायनं!"

मी काही बोलणार, इतक्यात माझी नजर त्यांच्या मागं कोठीच्या भिंतीवर गेली. भिंतभर लाल वाघ. शेपूट पार कोपऱ्यापर्यंत, आणि पोटावर मोठ्या अक्षरात 'भगवान'. (काना चुकला नव्हता. माझी छाती जरा भरून आली.) मी म्हटलं, भाऊ, जरा मागं वळून पाहा. दोघं वळले. किसनराव बघतच राहिले. उकंडराव हसायला लागले. मग मी म्हटलं, उकंडभाऊ, आता तुमच्या ओट्याकडं चला. त्यांच्या ओट्याच्या नव्या चुन्याच्या खांबावर लाल मोटार, चाकं पाच. तिथून शेजारच्या भिंतीवर, पारावर, पिठाच्या गिरणीच्या दारावर, जिथं बघावं तिथं लाल रंग. मी एका पोराला थांबवून विचारलं, काय रे, मत कुठं टाकलंस? तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, लाल खडू व्हता. मडक्यात टाकू वाटलाच नाही."

झालं असं होतं की ज्यांना गूळ आणि जिलबी खाऊन मत द्यायचं होतं, त्यांनी लुगड्यामागं विचार केला, मत देऊन काय मिळणार, खडू तर हातात आहे. आणि मतं खिशात घालून घरी नेली. ज्यांना माठाजवळ रांग हवी होती, त्यांनाही खडू हवाच होता. पण त्यांनी तो मडक्यात टाकला. हे मी त्या दोघांना सांगितलं, तेव्हा माझा आवाज, तुला सांगितलं ना तसा, अगदी खाली होता.

किसनराव हसले नाहीत. उकंडरावांसमोर हसं झालं ना! म्हणाले, "बाई, उद्यापासून वर्ग दुसरीकडं बसवा. आमाले कोठी लागते." मी चौथी घेऊन लिंबाच्या झाडाखाली बसले. उन्हाची तिरीप फिरली की वर्ग सरकायचा. दुपारपर्यंत आम्ही खोडाला अर्धी प्रदक्षिणा घातलेली असायची. पुंजाजी गुरुजी येऊन म्हणायचे, बाई, मी म्हणत होतो ना, हळूहळू. आणि सहदेव रोज कामावर जात होता, पण मालक त्याच्याशी बोलत नव्हता. जनका मात्र झाडाखाली माठ ठेवून खांबासारखी ताठ उभी. सरपंचपद झाडाखालीही चालू.

आम्हाला वाचवलं ते उकंडरावांनी, पण चांगुलपणानं नाही. वरवटच्या बाजारात त्यांनी भर चौकात सांगितलं की किसननं पोरगं पडलं म्हणून शाळा उन्हात बसवली, आता माझी मोठी कोठी देतो. हे किसनरावांच्या कानावर गेलं. ते तिथंच, त्याच बाजारात, कांद्याच्या गाडीवर उभे राहिले आणि म्हणाले, कोन म्हनते आमी पडलो? जी पोरगी निवडून आली ती आमच्या सालदाराची. म्हणजे आमच्याच घरची सीट! वर्ग बाहेर बसवला तो कोठीला चुना मारायचा होता म्हणून. आता एवढं बोलल्यावर चुना मारावाच लागला. तिसऱ्या दिवशी आम्ही पांढऱ्याशुभ्र कोठीत परत. (खेड्यात शाळेला छप्पर हवं असेल तर दोन पुढारी शोध. एक असेल तर शाळा झाडाखालीच राहते.) आणि सालदाराची सीट म्हटल्यावर सालदार काढता येतो का? त्याच संध्याकाळी सहदेव शाळेत आला, यावेळी टोपी डोक्यावर.

"बाई, मालक बोलले. म्हने, सहदेव, तुह्या पोरीनं उकंड्याचं पोरगं पाडलं. शाबास! म्हने, पुढच्या सालीही इथंच राह्य." मग टोपी सारखी करत म्हणाला, "पन त्यायचं पोरगंही तिनंच पाडलं ना, बाई? हे त्यायच्या ध्यानात नाही आलं काय?"

मी म्हटलं, सहदेवभाऊ, आपण नाही आणून द्यायचं.

आणि माठ. चुन्याच्या भिंतीजवळ माठ, जनकाच्या हातात लांब दांड्याचं ओगराळं. तिनं रांग लावली. आधी जो येईल तो आधी, सगळ्यांनी ओंजळ करायची आणि ती वरून ओतणार. वरून तर वरून, पण सगळ्यांना वरून. भगवानरावांनी पहिल्या दिवशी घरून पितळी गडू आणला. दुसऱ्या दिवशी गडू विटीदांडूत हरवला. तिसऱ्या दिवशी ऊन असं होतं की कापूस पेटेल. तो कोपऱ्यात ओठ चाटत बसला होता. मग उठला, रांगेच्या शेवटी उभा राहिला, आणि त्याची पाळी आली तेव्हा ओंजळ पुढं केली. जनकानं ओतलं. तो पीत राहिला, पीतच राहिला. मी फळ्याकडं तोंड करून उभी होते (हो, पाठ करून, सगळे नियम रोज पाळायचे नसतात). त्याच्या घरी कुणी सांगितलं नाही. कोण सांगणार? सगळीच पोरं प्यालेली.

तर हे असं आहे, रुखमे. वर्ग हातातून जातो, खिडकीतली माणसं हसतात, तुझा खडू चोरीला जातो, आणि त्यातूनच कधीतरी एखादी पोरगी माठाजवळ उभी राहते. तू राजीनामा दिलास तर तिथं त्या दिवशी कोण असेल? हा जोराचा धपाटा. लागला असेल तर लोणी लाव.

दादा-वहिनीला माझा निरोप, शेजाऱ्यांना जयभीम. घसा सांभाळ. उत्तर थोडं मोठ्या अक्षरात लिही.

तुझी,
सिंधूआत्या

ता. क. जनका चौथी पास झाली, वर्गात दुसरी आली. (पहिला आला तो शेषराव. गणितात तो खरंच हुशार आहे, आता काय करता!) आमच्या गावात पाचवी नाही. इथून जवळच्या जळगावला वसतिगृह आहे, पण ते मुलांचं. लोणारला शाळा आहे आणि तिथं तुझी खोली आहे, ती तुला खायला उठते असं तूच लिहिलंस. दोघी असलात तर कुणाला खावं हे तिला ठरवता येणार नाही.

ता. क. दुसरी. सहदेव तयार होत नव्हता, तेव्हा मी त्याला सांगितलं की तू स्वतः पत्र लिहून सोबतीला मुलगी मागितली आहेस, आणि फार आग्रह केला आहेस. तेव्हा त्याच्यासमोर तोंड त्याप्रमाणं ठेव. तो लाजरा आहे, आत ये म्हटलं तरी येणार नाही, दोनदा म्हण. खामगावला आणि मेहकरला गाडी बदलून आलाय, त्याला आधी चहा.

ता. क. तिसरी. हे पत्र पोस्टानं पाठवलेलं नाही हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्या मुलीनं ते तुझ्या हातात दिलं, तिला मी बजावलं आहे की बाईंचं वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. ती तुझ्यासमोर मुकाट उभी असेल. नीट बघून घे. असं तिला तू पुन्हा कधी बघणार नाहीस.